बाळंतपणाचा जमाखर्च : कामरेज-सुरत पट्ट्यातील प्रसूतिसेवेचा इतिहास

एका बाळंतपणाला किती खर्च येतो, त्यातून किती जीव वाचतात आणि तोच पैसा दुसरीकडे घातला असता तर अधिक वाचले असते का, या तीन प्रश्नांभोवती प्रसूती व प्राथमिक आरोग्यसेवेचे अर्थशास्त्र फिरते. ही शास्त्रशाखा तरुण असली तरी प्रश्न जुने आहेत. दक्षिण गुजरातेत तापीकाठच्या कामरेज-सुरत पट्ट्यात ते सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी विचारले. त्यांत संस्थानी कारभारी होते, दानशूर शेठ होते, लेडी डॉक्टर होत्या, नियोजन मंडळ होते आणि अलीकडे संशोधकही आले. प्रत्येकाने आपापल्या थैलीतून गेलेला पैसा मोजला. बाळंतिणीच्या घरातून गेलेला पैसा आणि तिची बुडालेली मजुरी बहुतेक वेळा वहीबाहेर राहिली. या भागातील प्रसूतिसेवेचे कोडे पुष्कळसे या न धरलेल्या रकमेत दडलेले आहे.

कामरेज आज सुरत जिल्ह्यातला तालुका आहे, पण १९४९ पर्यंत ते सुरतेचे नव्हते. सुरत शहर आणि भोवतालचे काही तालुके ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते. कामरेज मात्र गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतातला एक महाल होते. दोन्ही मुलखांच्या हद्दी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की काही कोस चालले की राज्य बदले. पुष्कळ काळ नाणेही बदले, कारण बडोद्याचा बाबाशाही रुपया १९०१ पर्यंत चालू होता. कामरेजच्या अडलेल्या बाईला सुरतेला न्यायचे तर तापीच्या कडेने बैलगाडीचा रस्ता आणि पलीकडे दुसऱ्याचे राज्य, अशी स्थिती होती.

दवाखाना येण्यापूर्वीही बाळंतपण फुकट होत नसे. सुईणीला, गुजरातीत दायणीला, धान्य, साडी-चोळी, नारळ आणि थोडे रोख द्यावे लागे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, हा उघड दर होता. त्यावर शेक-धुरीचे सरपण, बाळंतशेपा, गूळ, तूप आणि डिंकाच्या लाडवांचा खर्च. गुजराती घरांत यांच्या जोडीला काटलू हा बाळंतिणीचा पौष्टिक पदार्थ असे. हा सगळा खर्च कुणी उचलायचा याची रीतही ठरलेली होती. पहिले बाळंतपण माहेरचे. सातव्या महिन्यात खोळा, म्हणजे ओटी, भरला की मुलगी माहेरी जाई आणि सव्वा महिना उलटल्यावर सासरी परते. बाळंतपणाचा पहिला आणि सगळ्यांत धोक्याचा खर्च असा मुलीच्या बापाच्या अंगावर पडे. या रिवाजाचा एक परिणाम आजच्या संशोधकांनाही सोसावा लागतो. बाईची गरोदरपणाची नोंद एका गावात, प्रसूती दुसऱ्या गावात आणि बाळाचे लसीकरण पुन्हा पहिल्या गावात होत असल्याने एका उपकेंद्राच्या वहीत तिचा पूर्ण हिशेब क्वचितच सापडतो.

नवसारी प्रांतावर तिसऱ्या सयाजीरावांचे राज्य होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक गेला, १८८१ मध्ये त्याच्या हाती कारभार आला आणि १९३९ पर्यंत तो राहिला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाला आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात लागू झाला, हे सर्वपरिचित आहे. मातेच्या आरोग्याच्या दृष्टीने १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कमी महत्त्वाचा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला १९२९ साल उजाडले. कमी वयातले गरोदरपण टाळणे हा मातामृत्यू रोखण्याचा स्वस्तातला स्वस्त उपाय आहे, असे आजचे अर्थशास्त्रही सांगते. बडोद्याचा कायदा मोडणाऱ्यांना दंड होई आणि दंड भरून लग्ने उरकणारेही पुष्कळ होते. तेव्हा त्याचा प्रत्यक्ष परिणाम फुगवून सांगण्यात अर्थ नाही.

हद्दीपलीकडे ब्रिटिश सुरतेत वेगळी गोष्ट घडत होती. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळवून देणारा निधी उभा राहिला. पुढच्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याची सूत्रे एडिथ पीची यांच्याकडे आली. त्यांच्या पाठबळावर ज्या मराठी तरुणीने डॉक्टर होण्याचा निश्चय केला, ती म्हणजे रखमाबाई. लहानपणी लावलेले लग्न नाकारल्याबद्दल १८८४ पासून चार वर्षे त्यांच्यावर चाललेला खटला देशभर गाजला होता. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, १८९४ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि लवकरच सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तिथे त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. नंतर त्या राजकोटला गेल्या.

रुग्णालय होते, डॉक्टर होती, उपचार बहुतांशी मोफत होते. तरी बाळंतीण येत नव्हती. दवाखान्यात बाळंत होणारी जगत नाही, अशी समजूत होती आणि ती निव्वळ अडाणीपणाची म्हणता येत नाही, कारण घरी सगळे उपाय हरल्यावरच बाई तिथे आणली जाई. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची वीण तिथे सुखरूप करून दाखवली, त्यानंतर बायका येऊ लागल्या, अशी आठवण सांगतात. या कथेत एक आर्थिक मुद्दाही आहे. फी शून्य असूनही सेवेला मागणी नव्हती. बाळंतिणीच्या घराला द्यावी लागणारी किंमत वेगळीच होती: भीती, लोकांचे बोलणे, घरातल्या दुसऱ्या बाईचा मोडलेला दिवस आणि गाडीभाडे. इथून पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक योजनांना हा धडा पुन्हा शिकावा लागला.

डफरिन निधीचा पैसा देणग्या, व्याज आणि नगरपालिकांच्या अनुदानांतून येई. त्याचे अहवाल खाटा, रुग्ण आणि रुपये मोजत. ज्या बायका रुग्णालयापर्यंत कधी पोचल्याच नाहीत त्यांची मोजदाद त्यांत नव्हती, आणि खेड्यापाड्यांत त्या जवळजवळ सगळ्याच होत्या. म्हणून १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. डॉक्टर महाग आहे, सुईण गावात आहेच, तिलाच स्वच्छता शिकवावी, असा हा स्वस्त मार्ग होता. अडचण अशी, की वर्गाला बसणाऱ्या सुईणीचा तो दिवस बुडे आणि तिला भत्ता द्यावा लागे. शिवाय शिकलेल्या सुईणीला गावात जास्त मोबदला मिळेल याची खात्री नव्हती. सुईणपण पिढीजात होते, बहुधा खालच्या मानलेल्या जातींकडे होते आणि त्याची कमाई त्या जातींच्या इतर हक्कांशी बांधलेली होती. लेडी डॉक्टरांच्या अहवालांत सुईणीवर जेवढा राग दिसतो तेवढा तिच्या पोटापाण्याचा विचार दिसत नाही.

खर्च कुणाचा, हा प्रश्न उघडपणे आणि नेमक्या शब्दांत मांडला गेला तो मुंबई कायदेमंडळात. कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात भरपगारी रजा मिळावी, असे विधेयक रा. सी. आसवले यांनी आणले होते. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, त्यामुळे हा भार मोठ्या अंशी सरकारने उचलावा हे आपल्याला मान्य आहे. पण तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाचीही त्यात जबाबदारी येते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२९ मध्ये कायदा झाला आणि मोठ्या गिरणी-शहरांत दिवसाला ८ आणे असा भत्ता ठरला. तो गिरण्या-कारखान्यांपुरता होता. शेतात राबणारी बाई त्यात नव्हती, आणि कामरेज तर मुंबई इलाख्यातही नव्हते.

बडोदे संस्थानात दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी १९३२ मध्ये नवसारी प्रांतातल्या कोसंबा येथे ग्रामोद्धार केंद्र काढले. आसपासच्या खेड्यांचा एक गट घ्यायचा आणि शेती, पाणी, शिक्षण, आरोग्य ही कामे एकाच यंत्रणेने हाताळायची, अशी त्याची रचना होती. केंद्र छोटे होते, पण त्याची कल्पना दूरवर गेली. हेच कृष्णम्माचारी स्वातंत्र्यानंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाच्या मागे त्यांचा अनुभव उभा होता. देशातली पहिली प्राथमिक आरोग्य केंद्रे याच कार्यक्रमाच्या पोटातून निघाली. कामरेजच्या बाईच्या वाट्याला पुढे जे सरकारी केंद्र आले, त्याच्या वंशावळीचा एक धागा असा तिच्याच प्रांतात सापडतो.

दुसरा धागा भोर समितीचा. नाशिकला जन्मलेले सनदी अधिकारी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. हिंदुस्थानात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया गरोदरपण-बाळंतपणाशी निगडित कारणांनी मरतात, असा तिचा अंदाज होता. १९३७ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. समितीने अल्पकालीन योजनेत ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र सुचवले आणि त्यात २ डॉक्टर, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ मिडवाइफ आणि ४ प्रशिक्षित सुईणी असाव्यात, असे सांगितले. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तिचे मूळ सूत्र होते. प्रत्यक्षात १९५२ नंतर एका विकास गटाला एक केंद्र मिळाले. गट साधारण ६० हजार ते १ लाख लोकवस्तीचा, आणि मंजूर जागांतल्या कित्येक रिकाम्या. म्हणजे योजनेइतका खर्च झालाच नाही, आणि पुढे मात्र सरकारी केंद्रे उपयोगाची ठरत नाहीत असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कामरेज सुरत जिल्ह्यात आले. पुढची अकरा वर्षे त्याचा आरोग्य-कारभार मुंबईतून चालला. सातारा-जळगावचा चाले तसाच. १ मे १९६० रोजी ते गुजरातचे झाले. १९६३ मध्ये नव्या राज्यात पंचायत राज लागू होऊन ग्रामीण आरोग्य केंद्रे जिल्हा पंचायतीकडे गेली, १९६४ मध्ये सुरतेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि अवघड बाळंतपण तिथल्या सिव्हिलला पाठवायची वहिवाट पडली. केंद्रातल्या नर्सबाईंचे काम मात्र साठच्या दशकाअखेर बदलले. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आली आणि नर्सबाईची किंमत बाळंतपणांऐवजी शस्त्रक्रियांच्या आकड्यावर ठरू लागली. आणीबाणीनंतर हा दबाव सैल झाला, तरी सवय वर्षानुवर्षे टिकली.

खर्च आणि परिणाम यांची सांगड शास्त्रशुद्ध रीतीने घालायला सुरुवात झाली ती खेड्यांतल्या प्रकल्पांमधून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला निरक्षर, बहुधा दलित बायकांना आरोग्यसेविका केले. भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला १९८० मध्ये डॉ. अनिल देसाई आणि डॉ. लता देसाई यांनी सेवा रूरल ही संस्था सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बायकांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले आणि एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. आरोग्याच्या अर्थकारणात हा आकडा फार गाजला. कमी शिकलेली, गावातच राहणारी बाई तुलनेने स्वस्तात जीव वाचवते, हे त्यातून दिसले. ती स्वस्त पडते याचे एक कारण तिला मोबदला कमी दिला जातो हेही आहे. पुढे ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींच्या मानधनाच्या वादात हे उघड झाले.

तोवर जागतिक पातळीवरही हिशेबाची भाषा बदलली होती. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा मागितली. पुढच्याच वर्षी वॉल्श आणि वॉरन यांनी, सगळे परवडणार नसेल तर एका मृत्यूमागे कमीत कमी खर्च येणारे मोजके उपाय आधी घ्या, असे सुचवले. १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या अहवालाने आजार आणि अकाली मृत्यू यांत गमावलेली निरोगी वर्षे मोजण्याचे माप सर्वत्र नेले. गरोदरपणातली तपासणी आणि सुरक्षित प्रसूती त्या मापावर नेहमी वरच्या क्रमांकावर राहिली. कारण सरळ आहे: एका उपायात दोन जीव वाचतात, आणि दोघांचीही पुढे बरीच वर्षे शिल्लक असतात.

गुजरातेत या भाषेचा सर्वांत धीट प्रयोग झाला तो २००५ च्या डिसेंबरात. चिरंजीवी योजना आधी बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल आणि साबरकांठा या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २००७ मध्ये सुरतेसह सर्व राज्यात आली. ग्रामीण सरकारी दवाखान्यांत प्रसूतितज्ज्ञ मिळत नव्हते, तालुक्याच्या गावी खाजगी प्रसूतिगृहे मात्र होती. कामरेज चार रस्ता हे याचे चांगले उदाहरण आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि हिरेकामगारांची सुरतेच्या वराछ्याकडून पसरत आलेली वस्ती यांच्यामुळे तिथे खाजगी वैद्यकीची बाजारपेठ उभी राहिली होती. सरकारने नवे डॉक्टर नेमण्याऐवजी या खाजगी डॉक्टरांकडून दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांची बाळंतपणे विकत घ्यायची, अशी योजना होती. आराखड्यात अहमदाबादच्या आयआयएममधील अभ्यासकांचा सहभाग होता.

दर ठरवला तो शंभर बाळंतपणांचा एकत्र: १,७९,५०० रुपये. त्याची फोड पाहण्याजोगी आहे. शंभरांतली ८५ सरळ धरली, प्रत्येकी ८०० रुपये. ७ सिझेरियन, प्रत्येकी ५,०००. झटके, चिमटा, पायाळू बाळ अशी ३, प्रत्येकी १,०००. जंतुसंसर्गाची २, प्रत्येकी ३,०००. रक्त द्यावे लागेल अशी ३, प्रत्येकी १,०००. मग प्रत्येकीमागे तपासणीचे १०० रुपये, चाचण्यांचे ५०, जेवणाचे १००, गाडीभाड्याचे २०० आणि सोबत येणाऱ्या सुईणीचे ५०. तिसांची सोनोग्राफी १५० रुपयांप्रमाणे आणि दहा बाळांना विशेष उपचार १,००० प्रमाणे. बेरीज बरोबर जुळते, आणि एका बाळंतपणाला सरासरी १,७९५ रुपये पडतात. इथे सरकारी कागदावर गाडीभाडे आणि सुईण या दोन नोंदी बाळंतपणाच्या किमतीत आल्या.

एकच सरासरी दर देण्यात डोके होते. सिझेरियन केले काय आणि न केले काय, डॉक्टरला तेवढेच पैसे. म्हणून विनाकारण पोट फाडण्याचा मोह नाही. मात्र या रचनेला दुसरी धार होती. अवघड केस घेतली की डॉक्टरचा तोटा होई, म्हणून ती सिव्हिलला पाठवण्याचा मोह वाढला. शंभरांत सात सिझेरियन हे गणित निवड न केलेल्या शंभर बायकांवर बेतलेले होते. प्रत्यक्षात दारातून आत कुणाला घ्यायचे हे डॉक्टरच ठरवीत होता. शहराजवळ, जिथे पैसे देणारे रुग्ण पुष्कळ, तिथे हा दर परवडत नसल्याने अनेक डॉक्टर योजनेतून बाहेर पडले. पुढे दर वाढवण्यात आले.

योजनेला २००६ मध्ये आशियाई नवोपक्रमाचा एक नामांकित पुरस्कार मिळाला आणि सुरुवातीच्या अभ्यासांनी हजारो जीव वाचल्याचा अंदाज बांधला. हे अंदाज राज्याच्या सरासरी मृत्युदराशी तुलना करून काढलेले होते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी गुजरातेतील साडेपाच हजारांहून अधिक घरांची पाहणी करून, योजना आधी आलेले आणि नंतर आलेले जिल्हे यांतला काळानुसारचा फरक ताडून पाहिला. दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण वाढत होते, पण योजनेमुळे ते वेगळे वाढले असे दिसले नाही. मातांची गुंतागुंत कमी झाली असे दिसले नाही. आणि घरच्यांच्या खिशातून जाणारा प्रसूतीचा खर्चही घटलेला दिसला नाही. शेवटची गोष्ट सर्वांत बोचरी आहे. मोफत म्हणून विकत घेतलेल्या सेवेसाठी कुटुंबे पैसे देतच होती, कधी औषधांचे, कधी बाळाच्या उपचारांचे, कधी नुसते ‘वरचे’. योजनेचे समर्थक आणि टीकाकार यांचा वाद पुढेही चालला, पण पद्धतीच्या दृष्टीने २०१४ चा अभ्यास अधिक भक्कम होता.

अडचण अशीही होती, की त्याच वर्षांत सगळेच एकदम बदलत होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्ती नेमल्या गेल्या, २९ ऑगस्ट २००७ रोजी गुजरातेत १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली, २०११ मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे व जेवण मोफत झाले. रस्ते सुधारले, मुली शिकल्या, दोन मुलांवर थांबणे रूढ झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये गुजरातेतली निम्म्याहून थोडी अधिक बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२० पर्यंत ती ९४ टक्क्यांवर गेली. राज्याचा मातामृत्यू दर २००१-०३ मध्ये १ लाख जिवंत जन्मांमागे १७२ होता, तो २०१८-२० मध्ये ५७ झाला. शेजारच्या महाराष्ट्राचा याच काळातला आकडा ३३ आहे. यांतले श्रेय कुठल्या रुपयाला द्यायचे, हे सांगणे अवघड आहे. सू गोल्डी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतासाठी मांडलेल्या गणिती प्रारूपाने एक उत्तर दिले होते: पाळणा लांबवण्याची आणि थांबवण्याची इच्छा असलेल्या सर्व जोडप्यांना साधने मिळाली तर पाच वर्षांत दीड लाखाहून अधिक मातामृत्यू टळतील आणि वर पैसेही वाचतील, पण तेवढ्याने भागणार नाही, त्यापुढची घट गाठायला प्रसूतीच्या वेळची तातडीची सेवाच लागेल. सयाजीरावांचा १९०४ चा कायदा आणि रखमाबाईंचे रुग्णालय, दोन्ही या उत्तरात बसतात.

प्राथमिक सेवेच्या बाजूने या भागातला सर्वांत नीट मोजलेला प्रयोग पुन्हा झगडियाचाच आहे. सेवा रूरलने आशा कार्यकर्तींसाठी मोबाइलवरची ‘इमटेको’ ही प्रणाली तयार केली. आज कुणाच्या घरी जायचे, काय विचारायचे, कोणते लक्षण दिसले तर पुढे पाठवायचे, हे फोन सांगे; आशा काय करते हे प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला दिसे. भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांच्या आदिवासी भागात केंद्रांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करून तिची चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खर्चाच्या अभ्यासानुसार आयुष्याचे एक वर्ष वाचवायला ७४ डॉलर लागले. कुठल्याही मापाने हा खर्च कमीच आहे. याच कल्पनेवर राज्य सरकारची ‘टेको’ प्रणाली उभी राहिली, आणि आज ममता दिवसाला, म्हणजे गावातल्या तपासणी-लसीकरणाच्या दिवशी, गरोदर बाईची नोंद कागदी वहीऐवजी तिच्यात होते.

कामरेजच्या परिसरात मात्र असा एक गट आहे की जो यांतल्या कुठल्याच हिशेबात धड बसत नाही. १९५० च्या दशकात बारडोलीपासून सहकारी साखर कारखाने सुरू झाले. पुढे कामरेज विभागाचा कारखाना नवी पारडीला निघाला. ऊसतोडीला माणसे येतात ती डांगमधून आणि खानदेशातून, म्हणजे नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांतून. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकापासून या मजुरांचा अभ्यास केला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल. हंगामात पोटापुरती खावटी. आणि दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत पडावावर ताडपत्रीच्या झोपडीत संसार. मजुरी टनावर आणि जोडीने मिळते, त्यामुळे बाई बसली की कोयता बंद पडतो. बाळंतपणाला दोन आठवडे गेले तरी तेवढ्या दिवसांचे खाडे उचलीत जमा होतात. दवाखाना मोफत आहे, रुग्णवाहिका मोफत आहे, पण तिथवर जाण्याची ही किंमत कोणत्याही दरपत्रकात नाही. १९२९ चा कायदा तिच्यासाठी नव्हता. १९६१ चा प्रसूती लाभ कायदाही शेतमजूर म्हणून तिच्यापर्यंत पोचला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला, पण २०१७ पासून त्याची रक्कम हप्त्यांनी, नोंदणी-तपासणी-लसीकरणाच्या अटींवर मिळते. नोंदणी नंदुरबारच्या आशाकडे, प्रसूती सुरतेच्या सिव्हिलमध्ये आणि लसीकरण परतीच्या वाटेवर झाले, तर हप्ता कुठेतरी अडकतो.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा याचे नियम भारतात आता लेखी आहेत. २०१७ पासून केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे आणि गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ तिचे एक प्रादेशिक केंद्र आहे. एक निरोगी वर्ष मिळवायला लागणारा खर्च दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आत असेल तर तो परवडणारा, अशी कसोटी या अभ्यासांत सामान्यतः लावली जाते. सरकारच्या खर्चाबरोबर रुग्णाच्या खिशातून गेलेला पैसाही त्यात धरतात. डफरिन निधीच्या अहवालांच्या आणि चिरंजीवीच्या दरपत्रकाच्या मानाने ही मोठी भर आहे. बुडालेली मजुरी मात्र बहुतेक भारतीय अभ्यासांत अजून धरत नाहीत. ती धरली तर जास्त कमावणाऱ्यांच्या आजाराला जास्त वजन येते, हे त्यामागचे कारण आहे आणि ते खोटे नाही. पण टनावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होतो: तिच्या बाळंतपणातला सर्वांत मोठा खर्च शून्य म्हणून लिहिला जातो.